डाव्या पेटीतली तबकडी

ताईच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. टाळलं असंही म्हणवत नाही, कारण रोज सकाळी मी टेबलाशी बसत होतो, कागद पुढे ओढत होतो, 'ती. ताईस' असं लिहीत होतो आणि तिथेच माझं लेखन संपत होतं. पत्र मी शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलं होतं. हा खंड मी सहसा उघडत नाही. पण तो बंद खंडच दिवसभर माझ्याकडे बघत असायचा. ताई फोनवर बोलत नाही. तिला नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं नाही की ती समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून 'हो हो' म्हणते. एकदा मी तिला बायको गेल्याचं फोनवर सांगितलं तेव्हाही ती आधी 'हो हो, बरं झालं' म्हणाली होती. तेव्हापासून आमचं सगळं पत्रांतून. तिची पत्रं लहान असतात आणि सुरुवातीला एक टोमणा असतोच. याही पत्रात होता. 'पुस्तक्या, तू अजून पुस्तकं वाचतोस, की आता पुस्तकंच तुला वाचतात?' आणि मग लगेच, श्वासही न घेता: 'नातीला बाळ झालं. वेळेआधी झालं, मूठभर आहे. ती म्हणते, आजी, तू येऊन राहा, मला कामावर जायचंय, दुसऱ्या कुणाच्या हाती मी याला देणार नाही. बाळाला औषधाचे थेंब द्यायचे असतात. मी नाही म्हणाले. रुसलीये. तिला वाटतं म्हातारीला आता कुणाचं करायला नको. माझा हात चुकतो हे तिला कसं सांगू? तुला ठाऊक आहे. तेव्हा मला एवढंच सांग, त्या पेरणीच्या दिवशी डाव्या पेटीत मी बारीक भोकांची तबकडी बसवली होती का? तू बांधावर होतास. आठवत नसेल तर तसं लिही. पण लिही.'

आठवत नव्हतं, तसं लिहायला काय हरकत होती? एका ओळीचं काम. पण मी जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं तपासली आहेत, छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून, आणि 'आठवत नाही' या वाक्याशी मी नेहमीच अडखळत आलो आहे. ते वाक्य क्वचितच खरं असतं. आठवत नाही म्हणजे बहुतेक वेळा जे आठवतं त्याला हात लावायचा नाही. मला त्या दिवसाचं पुष्कळ आठवत होतं. सुटंसुटं आठवत होतं, कुणी छापखान्यातल्या खिळ्यांची, सुट्या अक्षरांची, पेटी जमिनीवर पालथी करावी तसं. अक्षरं सगळी होती. त्यांचा शब्द होत नव्हता. किंवा होत असेल आणि मला तो वाचायचा नसेल. मी मुळात भित्रा माणूस आहे. रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं तर मी दुकानाच्या काचेत बघत उभा राहतो.

ते यंत्र आमच्या शेडमध्ये माझ्या जन्माआधीपासून होतं. दोन लोखंडी चाकं, मध्ये बसायची भोकाभोकांची लोखंडी बैठक, आणि पुढे दोन बाजूंना दोन पेट्या, डावी आणि उजवी. आमची घोडी ओढायची, अप्पा बैठकीवर बसायचे. एका फेरीत दोन ओळी पेरून व्हायच्या. पेटीच्या तळाशी एक ओतीव लोखंडाची तबकडी असायची, भाकरीएवढी, तिच्या कडेने भोकं. चाक फिरलं की तबकडी फिरायची, एकेका भोकात एकेक दाणा बसायचा, खाली नळीत पडायचा, नळीच्या तोंडाशी झडप उघडायची आणि दाणा फाळाने काढलेल्या चरीत जायचा. मग मागून दाबचाक माती लोटायचं. मक्याला मोठ्या भोकांची तबकडी, घेवड्याला मधली, आणि बारीक दाण्यांना बारीक भोकांची. पेरणीच्या आधी पेटी उलथी करून योग्य ती तबकडी बसवायची, खिट्टी लावायची, हे ताईचं काम होतं. तिची बोटं लहान आणि चपळ होती, खिट्टीच्या खाचेत जायची. अप्पांची जात नसत. म्हणून तबकड्यांचा पत्र्याचा डबा तिच्या ताब्यात होता आणि अप्पा तिला 'मुकादम' म्हणायचे. "मुकादम, आज काय हुकूम?" सकाळी अप्पा शेडच्या दारात उभे राहून विचारायचे, आणि ती कमरेवर हात ठेवून, "आज मका. घोडीला पाणी पाजलं का? नाही? मग उभे काय राहिलात?" अप्पा हसत हसत बादली उचलायचे. आई म्हणायची, पोरीला डोक्यावर चढवून ठेवलीये. मी हे सगळं पुस्तकातून मान वर काढून बघायचो. मला ते काम यायचं नाही. मी एकदा खिट्टी उलटी लावली होती आणि ताईने मला सगळ्या घोड्यांच्या, म्हणजे एकाच घोडीच्या, देखत 'पुस्तक्या' म्हटलं, ते आजतागायत.

आणि तो आवाज. टक, टक, टक, टक. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. दाणा पडतोय, दाणा पडतोय. मी बांधावर बसून वाचायचो आणि तो आवाज माझ्या वाचण्याखाली चालू असायचा, ओळींच्या खाली रेघ असावी तसा. पुढे शहरात आल्यावर मला बरेच दिवस झोप लागेना. शांततेमुळे नाही, शहरात शांतता कुठली; तो आवाज नव्हता म्हणून. आणि मग एक दिवस तो येऊ लागला. छापखान्याच्या जिन्यात, जुन्या पंख्यात, सायकलच्या साखळीत. बायको म्हणायची, तुमचे कान चांगले आहेत, तुम्हाला नसलेलंही ऐकू येतं.

पत्र येऊन बरेच दिवस झाल्यावर माझ्या लेकीने मला जेवायला बाहेर नेलं. वाढदिवस तिचा होता, खर्चही तिचाच होता आणि आग्रहही तिचाच. जुन्या गोदामात काढलेलं हॉटेल होतं. भिंतींवर विळे, करवती, बैलाचं जोखड, चाळण्या. सगळं पुसून, वार्निश लावून. दारातून आत शिरताच बाजूला ते होतं. हिरवा रंग दिलेलं, दोन्ही चाकं लाल. डाव्या पेटीत मेनूकार्डं उभी करून ठेवली होती, उजवीत कागदाची फुलं. "बाबा, हे काय असतं हो?" लेकीने विचारलं. मी म्हणालो, "पेरायचं." जावई म्हणाला, "म्हणजे नाटकातल्या सिंहासनासारखं काहीतरी वाटतंय. बसा बघू त्यावर, फोटो काढतो." मी बसलो नाही. माझ्यामागून एक बाई बाळाची गाडी ढकलत आली, वाट अरुंद होती. वेटरने यंत्राला पायाने जरासं ढकललं, गाडीला जागा करून दिली. चाक फिरलं. टक. टक.

मी तिथेच उभा राहिलो. लेकीने माझा दंड धरला, तिला वाटलं मला चक्कर आली. डाव्या पेटीत मेनूकार्डं होती. तळाची तबकडी कुणीतरी कधीच काढून घेतली असणार, कारण कार्डं थेट तळापर्यंत, नळीच्या तोंडापर्यंत गेली होती. आत काही नव्हतं. पडायला काही नव्हतं. आणि आवाज तसाच. मी वेटरला म्हणालो, "परत ढकला." त्याने माझ्यापुढे मेनूकार्ड धरलं. "परत ढकला ना जरा, प्लीज." त्याने ढकललं. टक. मग म्हणाला, "आवाज येतो काका, पण चालत नाही ते. शोसाठी आहे." जावई म्हणाला, "आपल्या ऑफिसातल्या साहेबांसारखं." सगळे हसले, मीही हसलो. आवाज दाण्याचा नव्हता. आवाज झडपेचा होता, झडप चाकावर चालत होती. वर तबकडी असो नसो, दाणा असो नसो. हे कुणालाही कळलं असतं. यंत्रावर बसलेल्या माणसाला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. मला मात्र सत्तरी उलटल्यावर हॉटेलच्या दारात कळत होतं. मी जन्मभर ज्याला दाणा समजून ऐकत आलो तो नुसता चाकाचा आवाज होता.

जेवण काय होतं मला आठवत नाही. लेक बोलत होती. मला मात्र शेत दिसत होतं, पेरणीनंतर कोंब वर येण्याच्या दिवसांतलं. एक ओळ हिरवी, एक ओळ काळी. पुन्हा हिरवी, पुन्हा काळी. अख्ख्या शेतभर, बांधापासून बांधापर्यंत, कुणी पट्टीने आखल्यासारखं. उजवी पेटी जिथून जिथून गेली तिथे मका, डावी जिथून गेली तिथे नुसती माती. आम्ही चौघं बांधावर उभे होतो. ताईचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ती मनातल्या मनात पेटी उलथी करत होती, तबकडी हातात घेत होती, भोकं चाचपत होती. ते तिच्या बोटांवरून कळत होतं, ती हलत होती. मग शेजारी आला. त्याला आम्ही घरात 'फौजदार' म्हणायचो, कारण तो सगळ्यांच्या शेतात डोकावून जायचा आणि कुणाचं काय उगवलं हे त्याला मालकाआधी कळायचं. फौजदार कुंपणावर दोन्ही हात टाकून उभा राहिला आणि म्हणाला, "काय हो, शेताला पट्ट्यापट्ट्याचा पायजमा शिवला की काय?" अप्पा हसले. अप्पांना इतक्या मोठ्याने हसताना मी आधी ऐकलं नव्हतं. आणि हसता हसताच म्हणाले, "आमच्या मुकादमांची कृपा. बारीक भोकांची तबकडी बसवली बाईंनी." फौजदारही हसला. म्हणाला, "पोरीबाळींच्या हाती यंत्र दिलं की असंच."

त्यानंतर अप्पांनी तिला मुकादम म्हटलं नाही. रागावलेही नाहीत. तबकड्यांचा डबा त्यांनी शेडमधल्या वरच्या फळीवर ठेवला, तिचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी. पुढच्या वर्षी तबकड्या त्यांनी स्वतः बसवल्या, जाड बोटांनी, खिट्टीशी झगडत. ताई शेडच्या दाराशी उभी राहायची आणि परत जायची. मला वाटतं तिथून ती सगळं दोनदा बघायला लागली. कुलूप लावून परत येऊन ओढून बघणं, दिवा विझवून परत जाऊन बघणं. गावातल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरीणबाईंनी तिला हाताखाली घ्यायचं म्हटलं होतं, पुड्या बांधायला, औषधं मोजायला. मुलीची बोटं हुशार आहेत म्हणाल्या. ताई म्हणाली, माझ्या हातून चूक होते. बाई म्हणाल्या, सगळ्यांच्याच होते. ताई म्हणाली, माझी सबंध शेतभर होते. हा तिचा विनोद होता. ती असे विनोद करते. त्यावर हसणारा पुढे फक्त मी उरलो, आणि मीही पत्रातून हसतो, म्हणजे हसतो असं लिहितो.

हॉटेलमधून घरी आल्यावर मी शब्दकोशाचा दुसरा खंड उघडला, पत्र वाचलं, पुन्हा ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर 'ती. ताईस' लिहिलं आणि माझ्या नाकात वास आला. वितळलेल्या शिशाचा. आता या घरात शिसं कुठून येणार? पण वास होता, जिभेच्या मागच्या बाजूला चिकटून राहणारा, गोडसर, घाण. छापखान्यात मी लागलो तेव्हा खालच्या मजल्यावर खिळे ओतायची भट्टी होती. पहिल्या दिवशी मला तो वास आला आणि मी मोरीत जाऊन ओकलो. फोरमन म्हणाला, "पोटुशी आहेस का रे?" सगळे महिनाभर मला 'वहिनी' म्हणत होते. मीही तो वास यंत्रांच्या भीतीत जमा करून टाकला. मला यंत्रांची भीती वाटते, त्यामुळे वास, वासामुळे ओकारी, असं लावून मोकळा झालो. इतकी वर्षं त्या इमारतीत गेलो, पण भट्टीच्या बाजूचा जिना मी कधी चढलो नाही. आता टेबलाशी बसून मला दिसलं की तो वास मला छापखान्यात पहिल्यांदा आला नव्हता. तो आमच्या स्वयंपाकघरात आला होता. भर दुपारी. चुलीवर लोखंडी पळी होती, पळीत तुटलेल्या नळाचा तुकडा, तो कडांनी मऊ पडत चालला होता आणि एकदम आरशासारखा झाला. अप्पा उकिडवे बसले होते. त्यांच्यापुढे फडक्यावर एक तबकडी. "काय करताय?" "भोकं बुजवतोय." "कशाला?" "खराब झालीये ती." आणि मग, माझ्याकडे न बघता, "जा, तुझं वाच जा." मी गेलो. मला नेहमीच जा म्हणून सांगितलं की मी जातो.

इथे मी थांबलो, आणि आठवडाभर थांबलेलाच राहिलो. कारण माझा धंदा मला ठाऊक आहे. मुद्रितं वाचणाऱ्याचा सगळ्यात मोठा शत्रू त्याचाच डोळा. अक्षर गळलेलं असतं आणि डोळा ते वाचून मोकळा होतो, कारण शब्द काय असायला हवा हे त्याला आधीच कळलेलं असतं. पुस्तकं वाचून वाचून मला गोष्टी कशा जुळतात हे कळतं. बहिणीच्या हातून चूक झाली नसावी असं मला वाटतं. मग मला एक पळी आठवते, पळीत शिसं आठवतं. उद्या मला अप्पांनी माझ्या कानात सगळं सांगितल्याचंही आठवेल. आणि अप्पा असं का करतील? बीज पेटीत भरायचं आणि पडू द्यायचं नाही, याला काय अर्थ आहे? वेड्या माणसाचं काम. अप्पा वेडे नव्हते. अप्पांइतका हिशोबी, नीटनेटका, चारचौघांत ताठ मानेने चालणारा माणूस मी पाहिला नाही. ताईच्या घरी त्यांचा फोटो आहे. ती तो रोज पुसते. मी त्या फोटोवर काय उडवायला निघालो होतो? त्या आठवड्यात ते मला घरात दिसू लागले. भूत वगैरे नाही, मी तसलं मानत नाही आणि मानत असतो तरी अप्पा तसे येणाऱ्यातले नव्हते. पण पॅसेजच्या टोकाला, जिथे चपलांचं कपाट आहे, तिथे पाठमोरं कुणीतरी बसलेलं असायचं, लोखंडी बैठकीवर, हातात लगाम, मान किंचित खाली. मी स्वयंपाकघरात गेलो की आवाज सुरू व्हायचा, थांबलो की थांबायचा. मी त्यांना समोरून कधी पाहिलं नाही. मला पाहायचंही नव्हतं. मला भीती ही वाटत होती की ते समोर वळले तर रागावलेले नसतील.

मग एका सकाळी दुधात भिजवलेल्या ओट्सचा घास तोंडात असताना दाताखाली कचकच लागलं. काही नव्हतं, एखादं साल असेल. पण मी चमचा खाली ठेवला. राख. त्या हिवाळ्यात आम्ही मक्याच्या कण्या खात होतो आणि त्यांना राखेची चव होती. आदल्या पावसात कोठीचं छप्पर गळलं होतं आणि खाण्याचं धान्य तळापासून कुजलं होतं, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. पण बियाण्याला काही झालेलं नव्हतं. बियाण्याचं पिंप वेगळं, माजघरातलं. त्यातल्या मक्याला किडू नये म्हणून चुलीची राख चोळून ठेवलेली असायची. खाण्याच्या धान्याला कुणी राख चोळत नाही. आई मोरीत मका धुवत होती आणि पाणी करडं वाहत होतं, पुन्हा धुवत होती, पुन्हा करडं. "आई, दाताखाली येतंय." "चुलीजवळ सांडलं असेल. खा गुपचूप." अप्पा माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या ताटलीत काही नव्हतं. ते म्हणाले, त्यांना भूक नाही. आणि मी गुपचूप खाल्लं, रोज, सबंध हिवाळा. चव आजही सांगू शकतो. शिसं मला पुस्तकांनी सुचवलं असेल, पण राख कुठल्या पुस्तकाने माझ्या दाताखाली घातली असती?

ताईला ही चव ठाऊक नव्हती. मी टेबलाशी जाऊन बसलो आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. त्या हिवाळ्यात ती घरी नव्हती. मावशीला बाळ झालं होतं आणि ताई तिच्या मदतीला गेली होती, थेट पेरणीच्या तोंडावर परतली. ती आली तेव्हा गाल वर आलेले होते, आणि आईने तिला दारातच कवटाळून इतका वेळ सोडलं नाही की ती म्हणाली, "अगं, मी काय मेले होते का?" पिंपात किती उरलंय हे तिने पाहिलं नाही. अप्पांनी तिला पाहू दिलं नाही. पेरणीच्या सकाळी तिने तबकड्या बसवल्या, दोन्ही, आणि अप्पा म्हणाले, "मुकादम, पेट्या आज मी भरतो, तू आत आईकडे जा, तिला बरं नाही." ती गेली. मी बांधावर होतो. मी पानावरून नजर वर केली तेव्हा अप्पा डाव्या पेटीपाशी गुडघ्यांवर होते, पेटी उलथी, आणि कोटाच्या आतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढत होते. त्यांची बोटं खाचेत जात नव्हती. ते तोंडाने खिट्टी ओढत होते, दातांनी. हे मी वाचलेलं नाही. असं कुणी लिहिलेलं मला माहीत नाही.

मग फौजदार आला, येणारच होता. त्याने कुंपण ओलांडलं, सरळ डाव्या पेटीचं झाकण उचललं, आत हात घालून दाणे खालीवर केले. "भरलीये की गच्च! आम्हाला वाटलं होतं, यंदा तुमच्याकडे बियाण्याचे वांधे." अप्पा म्हणाले, "वांधे कशाचे?" आणि बैठकीवर चढले. टक, टक, टक. दोन्ही बाजूंनी. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसलं असतं की शेत पेरलं जातंय, दोन ओळींनी, दरवर्षीसारखं. डाव्या पेटीतून काही पडत नव्हतं, आणि उजवी रिकामी होत आली की अप्पा पलीकडच्या टोकाला, झाडाआड थांबून डावीतलं ओंजळीने उजवीत घालत असणार. ते मी पाहिलेलं नाही. पण आवाज तिथे जाऊन थांबायचा, बराच वेळ, आणि मग पुन्हा सुरू व्हायचा. ते ऐकलं होतं. अर्धं शेत पेरण्याइतकंच बी उरलं होतं. बाकीचं आमच्या पोटात गेलं होतं. हे सांगायचं तर कुठल्या तोंडाने? ज्या घरात बी खाल्लं जातं त्या घरात उरलं काय, असं माणसं म्हणायची तेव्हा. त्यापेक्षा पोरीची चूक बरी. पोरीची चूक हसण्यावारी जाते. अप्पांनी हे आधी ठरवलं होतं की फौजदाराच्या तोंडाकडे बघता बघता त्या क्षणी सुचलं, ते मला ठाऊक नाही, आणि मला वाटतं माझ्या पॅसेजमध्ये बसलेल्या त्या पाठमोऱ्या माणसालाही ते नक्की ठाऊक नव्हतं. डबा वरच्या फळीवर गेला तो शिक्षा म्हणून नाही. त्यात ती बुजवलेली तबकडी होती. ताईच्या बोटांना ती एका क्षणात कळली असती.

मी लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात 'बहुधा' हा शब्द इतक्या वेळा आला की कागद चट्ट्याचट्ट्यांचा दिसू लागला. 'मला वाटतं', 'नक्की सांगता येत नाही', 'कदाचित माझाच भ्रम असेल'. दुसऱ्या मसुद्यात मी अप्पांची बाजू मांडली, चार पानं, आणि वाचून पाहिलं तर ते पत्र ताईला नव्हतंच, अप्पांना होतं. तेही फाडलं. दुपारी लेक आली. मला कागदांच्या ढिगात बसलेलं पाहून म्हणाली, "बाबा, कादंबरी लिहिताय का या वयात?" मी म्हणालो, "तुझ्या आत्याला पत्र." "मग त्यात एवढं काय? कशी आहेस, मी बरा आहे." "तिने एक विचारलंय." "तुम्हाला उत्तर येतं का?" मी म्हणालो, "येतं. पण ते शंभर टक्के बरोबर आहे का, ते..." ती चपला काढता काढता थांबली. "बाबा, तुम्ही आईला लग्नाचं विचारायलाही दोन वर्षं लावली होती ना? आईच सांगायची. शेवटी तिनेच विचारलं." मी म्हणालो, "हो, पण माझा मसुदा तयार होता." ती हसली आणि स्वयंपाकघरात गेली, आणि तिथून ओरडली, "आत्या काही थांबून राहणार नाही हो तुमच्यासाठी. पंचाहत्तरी उलटलीये तिची. आणि तिकडे ते बाळही थांबणार नाही, थेंब द्यायचे दिवस काही आयुष्यभर नसतात."

बाळाचं तिला कुणी सांगितलं, मी विचारलं नाही. बायकांना कळतं. पण ते वाक्य माझ्या पाठीत बसलं. मी अप्पांचा न्याय करत बसलो होतो, स्मृती आणि कल्पना यांच्या सीमारेषा आखत बसलो होतो, आणि तिकडे एक म्हातारी बाई स्वतःचे दोन हात मांडीखाली दाबून बसली होती. मला खात्री नव्हती. आजही, हे लिहिताना, प्रत्येक ओळीपाशी मला समासात प्रश्नचिन्ह घालावंसं वाटतं. ते माझ्या हाताला लागलेलं वळण आहे. पण खात्री नसण्याचं ते ओझं ताईने का वाहायचं? प्रश्नचिन्हं माझ्याकडे ठेवता येतील. मला ती सवयीची आहेत.

मी नवा कागद घेतला आणि उभ्या उभ्या लिहिलं.

'ती. ताईस. डाव्या पेटीत तू मोठ्या भोकांची तबकडीच बसवली होतीस. बरोबर बसवली होतीस. तू आत गेल्यावर अप्पांनी ती काढली आणि भोकं शिशाने बुजवलेली दुसरी बसवली. मी पाहिलं. त्या हिवाळ्यात आम्ही बियाणं खाल्लं होतं. तू मावशीकडे तिचं बाळ सांभाळत होतीस, म्हणून तुला माहीत नाही. मी पोटभर खाल्लं, अप्पांनी खाल्लं नाही. बी कमी पडलं हे त्यांना कुणाला कळू द्यायचं नव्हतं. तुझ्यावर ढकललं हे त्यांनी वाईट केलं. फोटो पुसायचा की नाही ते तू ठरव. बाळाकडे जा.'

खाली सही केली, पुन्हा वाचलं नाही. जन्मात पहिल्यांदा मी एक मजकूर न तपासता सोडला. पाकिटावर पत्ता घातला, लेकीला ओरडून सांगितलं की जरा जाऊन येतो, आणि जिना उतरलो. खाली ऊन होतं. रस्त्यात छापखान्यातला एक जुना सहकारी समोरून आला. मी काचेत पाहिलं नाही, मान हलवली, तो दचकला. पोस्टात रांग लहान होती. खिडकीतल्या मुलीने पाकीट हातात घेऊन वजन केलं, शिक्का उचलला, आणि मी म्हणालो, "एक मिनिट." तिने शिक्का तसाच हवेत धरला. "काय आजोबा, काही राहिलं का आत घालायचं?" मी विचार केला. मागे एक बाई पार्सल या हातातून त्या हातात घेत उभी होती. माझ्या मनात एक शब्द होता, 'बहुधा', जो आत नव्हता, आणि तो घालायला अजूनही वेळ होता. पाकीट उघडता आलं असतं, पेन खिशात होतं. "नाही," मी म्हणालो, "मारा."